साहेबांचा माणूस

आमच्या घरात माणसांपेक्षा खुर्च्यांना जास्त जागा होती. बाबांचा मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा. कसब्यात, तांबट आळीच्या पाठीमागे आमच्या दोन खोल्या, आणि त्यातली पुढची खोली म्हणजे निम्मं गोदामच. लोखंडी घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून छतापर्यंत लावलेल्या, कोपऱ्यात कनाती आणि सतरंज्यांच्या वळकट्या, आणि मधोमध जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लाल गादीचा सोफा. तो फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी बाहेर निघायचा. घरातलं कुणीही त्याच्यावर कधी बसलं नाही. मी लहानपणी एकदा चादरीवरून हात फिरवला होता तर आईनं तो झटकला. सकाळी टेम्पो आला की खुर्च्या भरण्याचा खणखणाट सुरू व्हायचा आणि तो थांबतो न थांबतो तोच पलीकडच्या आळीत तांब्यावर ठोके पडायला लागायचे. आमच्याकडे आलेले पाहुणे पहिले दोन दिवस कानावर हात ठेवून बसत. आम्हाला मात्र सुट्टीच्या दिवशी आवाज नसला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सभा झाली की बाबा खुर्च्यांबरोबर उरलेल्या बुंदीचं पातेलंही घेऊन यायचे, आणि मग दोन दिवस आई भाकरीबरोबर तीच वाढायची. वांग्याचा रस्सा, भाकरी आणि कडेला गार झालेली बुंदी, असं जेवण मी इतक्यांदा जेवले आहे की आजही लग्नाच्या पंगतीत बुंदी दिसली की मला सभेची आठवण होते.

बाबांचा खरा धंदा मात्र खुर्च्यांचा नव्हता. ते साहेबांचे माणूस होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नदीपलीकडे त्यांचा बंगला होता. पेठेत त्यांची सभा असो की नळाचं उद्घाटन, मांडव बाबांचा, माणसं बाबांची, घोषणाही बाबांच्याच आवाजात. त्याच्या बदल्यात बाबांना काय मिळायचं, तर सकाळी आमच्या दारात उभी राहणारी माणसं. कुणाला रहिवासी दाखला हवा असे, कुणाच्या नळाला पाणी येत नसे, कुणाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळत नसे. "तात्यांना सांगा, तात्या साहेबांना सांगतील," असं सगळी आळी म्हणायची. बाबा दारात हात असलेल्या एका लाकडी खुर्चीवर बसत आणि बाकीचे पायरीखाली उभे राहत. मागे भिंतीला लावलेल्या एवढ्या खुर्च्या, पण त्यातली एकही कुणी आपणहून उघडायचं नाही. बाबांनी "बस" म्हटलं तर माणूस बसायचा, आणि बाबा फार थोड्यांना बस म्हणत. हवालदार बसत. शाळेचे हेडमास्तर बसत. ज्यांचं काम व्हायचं नसेल त्यांनाही बाबा बसवत, कारण त्यांना द्यायला दुसरं काही नसे.

चहाचंही तसंच होतं. बाबांनी आतल्या खोलीकडे तोंड करून "चहा टाक" म्हटलं की आई चहा टाकायची, गवती चहाची पात घालून, कपबशीतून. "चहाचं बघ" म्हणाले की आई सावकाश बघायची. माणूस तोवर उठून गेला तर ठीक, नाहीतर स्टीलच्या पेल्यातून अर्धा चहा जायचा. आणि बाबा म्हणाले, "दूध आहे का बघ," म्हणजे चहा द्यायचा नाही. आई आतून "बघते" म्हणायची आणि भाजी चिरत राहायची. थोड्या वेळानं तिचा आवाज यायचा, "अहो, दूध नासलंय वाटतं!" बाबा हात पसरून "बघा आता" असा चेहरा करत. दूध शेगडीवर, पितळेच्या पातेल्यात, साय धरून बसलेलं असायचं. या तीन वाक्यांत आई कधी चुकली नाही, आणि मला तर ती शिकवावीही लागली नाहीत. आज हे लिहिताना कानशिलं गरम होतात; तेव्हा मात्र मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मी कॉलेजात होते त्या वर्षी महापालिकेच्या निवडणुका आल्या आणि या वेळी तिकीट बाबांनाच, असं पेठेत सगळे म्हणायला लागले. कुणीतरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'भावी नगरसेवक' असं कापडावर रंगवून लावलंसुद्धा. बाबांनी ते काढायला लावलं, पण दुसऱ्या दिवशी. त्यांनी खादीचा नवा झब्बा शिवला. रोज सकाळी दरबार आटोपला की तो घालून ते साहेबांकडे 'मीटिंगला' जात आणि दुपारी परत येऊन साहेब काय म्हणाले ते आईला सांगत. "साहेब मला विचारल्याशिवाय या पेठेत पान हलवत नाहीत," हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की त्या बंगल्यातली एक बैठक माझ्या डोळ्यांपुढे तयार झाली होती: साहेब, आणि त्यांच्या शेजारी बाबा. आईला नगरसेवकाची बायको होण्याची फारशी हौस नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की तिकीट मिळालं की बाबांचं ऑफिस वेगळं होईल, खुर्च्या तिकडे जातील आणि तिला पुढची खोली मिळेल. खिडकीखाली पलंग कुठे लावायचा तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

त्याच सुमारास सुजाताताई आमच्याकडे आली. ती नागपूरकडची, विद्यापीठात मानववंशशास्त्रात संशोधन करणारी. शनिवार पेठेत एका खोलीत कॉट बेसिसवर राहायची. सत्ता म्हणजे सभागृहात असते ती नव्हे, ती रोजच्या दाराशी, नळाशी, रांगेत कशी वागते, असा काहीसा तिचा विषय होता. बाबांना तिनं तो फार सोपा करून सांगितला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काय आपलं?"

"सुजाता."

"पूर्ण सांगा की."

तिनं आडनाव सांगितलं. बाबा म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि आतल्या खोलीकडे वळून, "अगं, दूध आहे का बघ."

ते आडनावामुळे की एकटी बाई प्रश्न विचारत फिरते म्हणून, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःशी म्हणत आले. मला खात्री आहे. ती उभी होती, तिच्या खांद्यावर शबनम पिशवी होती, आणि आतून आईनं "बघते" म्हटलं.

पण ती येत राहिली. दोन-चार आठवड्यांत बाबांच्या लक्षात आलं, की विद्यापीठातली बाई आपल्या दारात येते याचं लोकांना अप्रूप वाटतंय. मग तिच्यासाठी खुर्ची उघडली गेली, चहा टाकला गेला, आणि बाबा हवालदाराला सांगायला लागले, "आमच्यावर पीएचडी चाललीय." मी तिच्याबरोबर पेठेत हिंडायला लागले. कुणाच्या घरात कुणाचं चालतं, कोणत्या कामाला कुणाकडे जायचं, हे मी तिला सांगायचे आणि ती असं ऐकायची की मला पहिल्यांदाच आपण हुशार आहोत असं वाटायला लागलं. एका दुपारी तिच्या खोलीवर आम्ही पोहे खात होतो आणि मी तिला चहाची तीन वाक्यं सांगितली, आईच्या आवाजाची नक्कल करून, अगदी "दूध नासलंय वाटतं"पर्यंत. ती खूप हसली. मग हसता हसता थांबली.

"दूध आहे का बघ," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशी मी केवढा वेळ थांबली होती गं. मला वाटलं, खरंच नासलं असंल. मी तुझ्या आईला म्हणणार होती, कोपऱ्यावरून आणून देते म्हणून."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. तिनंच माझ्या ताटलीत आणखी पोहे घातले आणि म्हणाली, "खा नं. तू नाही बोलली ते." तो दिवस सोडून तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि दुसऱ्या सकाळी आमच्याकडे येऊन तिनं आईच्या हातचा चहा नेहमीसारखाच प्यायला. मी मात्र त्यानंतर ती तीन वाक्यं ऐकू आली की आतल्या खोलीत काहीतरी काम काढायला लागले.

पुढे मी हाच विषय शिकवून पोट भरलं. सत्ता कशी चालते हे समजावताना मी मुलांना कुठल्या कुठल्या बेटांवरची आणि डोंगरातली उदाहरणं दिली. कसब्यातलं एकही दिलं नाही. आता वाघोलीला आमच्या सोसायटीत टँकर कोणत्या बिल्डिंगला आधी लागायचा यावरून मीटिंगा होतात. आयटीतली तरुण मुलं मला बघून पटकन उठतात, "मॅडम, तुम्ही बसा ना प्लीज." मी गुडघे दुखत असले तरी भिंतीला टेकून उभी राहते. त्यांना वाटतं म्हातारी मानी आहे.

तर साहेबांच्या बंगल्यावर गेलो त्या दिवसाची गोष्ट. सुजाताताईला साहेबांची मुलाखत हवी होती आणि त्यांच्याकडून वेळ मिळत नव्हती. एका सकाळी ती घाईघाईनं आली: वेळ मिळाली आहे, आत्ताच बोलावलंय, चल. बाबा केव्हाच मीटिंगला गेले होते. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आपण आत जाऊ, बाबा साहेबांच्या शेजारी बसलेले असतील, आपल्याला बघून चकित होतील, साहेब म्हणतील, अरे, ही आपल्या तात्यांची मुलगी! मी ठेवणीतला ड्रेस घातला. रिक्षात बसल्यावर मी ताईला म्हणालेसुद्धा, की तिकिटाचा विषय निघाला तर बाबांबद्दल दोन चांगले शब्द बोल. ती म्हणाली, "बघू या."

बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं उभी होती, आमच्या दारात असायची तशीच, फक्त कपडे जरा बरे. आम्ही विद्यापीठातल्या म्हणून आम्हाला थेट आत नेलं. मोठा दिवाणखाना, सोफ्यांच्या पाठीवर पांढरे टॉवेल. साहेब एकटेच होते. बोलायला अतिशय गोड माणूस; "या, या, आपण इथे बसा" म्हणून त्यांनी मला स्वतः समोरचा सोफा दाखवला. मी बसले आणि ती गादी इतकी खोल गेली की पाय जमिनीवर नीट टेकेनात. मी इकडेतिकडे बाबांना शोधत होते. साहेबांनी आत हाक मारली, "अरे, चहा आणा रे!" ताईनं पहिला प्रश्न विचारला. साहेब लोकसेवेबद्दल बोलायला लागले. आणि आतल्या दारातून ट्रे घेऊन बाबा आले.

खादीच्या नव्या झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. ट्रेमध्ये तीन कप, आणि एकाही कपातला चहा बशीत सांडलेला नव्हता, म्हणजे हात सरावाचा होता. बाबांनी आधी साहेबांपुढे ट्रे धरला, मग वळले आणि त्यांना मी दिसले. मी उठून उभी राहिले. ठरवून नव्हे, वडील समोर आले की आमच्यात उठतात, म्हणून उठले.

साहेब हसले. "अहो बसा, बसा! आमचा माणूस आहे तो. त्याच्यासाठी कशाला उठता?"

बाबांनी ट्रे माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "बसा मॅडम."

मी बसले. कप उचलला. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आमच्या दारात उभ्या माणसांच्या चेहऱ्यावर असायचं तेवढंही नव्हतं. सुजाताताईनं कप दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "नमस्कार, तात्या."

"ओळखता याला?" साहेबांना नवल वाटलं.

"रोज जाते की यांच्याकडं. यांच्या घरी चहा पिते."

"असं? मग सगळी लबाडी कळली असेल आमची!" साहेब मोठ्यानं हसले. बाबाही हसले, साहेबांच्या मागून, त्यांच्याइतकंच लांब. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या कोण?"

मी तोंड उघडत होते. त्याच्या आत बाबा म्हणाले, "मॅडमच्या मदतनीस आहेत, साहेब. विद्यापीठातल्या."

ते असं का म्हणाले? जिथे आपण कधी बसलो नाही तिथे आपली मुलगी बसली आहे हे साहेबांना कळलं असतं, तर तिकिटावर पाणी पडलं असतं, म्हणून? की मला त्या सोफ्यावरून उठावं लागू नये म्हणून? मी दोन्ही उत्तरं आलटून पालटून वर्षानुवर्षं वापरली आहेत. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की आपल्याला आपल्या बापानं ओळख दाखवली नाही आणि त्याचा आपल्याला सुटल्यासारखा आनंद झाला. त्या आनंदाची लाज वाटून मी एक घोट घेऊन चहा तसाच ठेवला. तो चांगला झाला होता. आलं घातलं होतं. घरी बाबांना चहा करता येतो हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

ताईनं तिकिटाचं विचारलं. माझ्यासाठीच विचारलं असणार. "तुमच्या या पेठेत यंदा कोण? तात्यांचं नाव ऐकते मी सगळीकडं."

साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे प्रेमानं पाहिलं. खरंच प्रेमानं, ते खोटं नव्हतं. "तात्या आमचा हिरा आहे. पण काय आहे ना मॅडम, कामाचा माणूस कामातच शोभतो. याला तिकडे नेऊन बसवला तर इथलं कोण बघणार? काय रे तात्या?"

"बरोबर आहे साहेब," बाबा म्हणाले आणि रिकामे कप गोळा करायला पुढे आले. माझा कप भरलेला होता. त्यांनी तो तसाच उचलून नेला.

परतताना रिक्षात सुजाताताईनं वही शबनममध्ये ठेवून दिली. लक्ष्मी रोड आला तेव्हा म्हणाली, "आजचं मी कुठं लिहिणार नाही." पहिल्या दिवशी जिला आमच्या दारातून चहाशिवाय परत पाठवलं, तीच आता बाबांची अब्रू झाकत होती. मला तिचा रागच आला, इतकी लाज वाटली. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

संध्याकाळी बाबा नेहमीसारखे जेवायला बसले. आईनं त्या दिवशी भरली वांगी केली होती, दाण्याचं कूट सढळ हातानं घालून. ती रोजच्यासारखंच म्हणाली, "काय म्हणाले साहेब?"

बाबा भाकरी मोडत होते. "बघू म्हणाले. जवळजवळ नक्की आहे," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "हिला विचार. ही आली होती आज तिकडे, त्या सुजाताबाईंबरोबर."

आई हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता. ती बंगल्यात कधी गेली नव्हती. तिला सगळंच ऐकायचं होतं, किती मोठी खोली, कसले पडदे. मी पडद्यांचा रंग सांगितला. पाठीवरचे टॉवेल सांगितले.

"आणि बसायला दिलं ना तुम्हाला?"

"दिलं की. सोफ्यावर."

"हे कुठे बसले होते?"

बाबांचा हात ताटातच थांबला. पलीकडच्या आळीतला शेवटचा कुणीतरी अजून तांब्यावर ठोकत होता.

"माझ्या शेजारीच," मी म्हणाले.

आईनं बाबांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

तिकीट साहेबांच्या भाच्याला मिळालं. त्याच्या विजयाच्या सभेला खुर्च्या आमच्याच होत्या, आणि आईला पुढची खोली शेवटपर्यंत मिळाली नाही. बाबांनी ते सगळं पचवलं. निदान आळीला तसं दिसलं. पण घरात एक गोष्ट बदलली आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही. बाबा माझ्यावर ओरडेनासे झाले. त्याआधी ते दणकून ओरडायचे, केस मोकळे सोडले म्हणून, रेडिओ मोठा लावला म्हणून, कशावरूनही. आता मी खोलीत आले की तेच रेडिओचा आवाज कमी करायचे. घरातलं काही ठरवायचं असलं, आत्याकडे कधी जायचं, रंग कोणता लावायचा, की बोलण्याआधी ते माझ्या तोंडाकडे बघून घ्यायचे. ते बघणं मी एकदाच आधी पाहिलं होतं, त्या दिवाणखान्यात, आणि ते साहेबांकडे होतं.

मला ते सहन होईना. एकदा मी मुद्दाम, न सांगता, मैत्रिणीकडे थांबले आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी आले. बाबांनी ओरडावं, हात उगारावा, पूर्वीसारखं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारावं, की कुठे होतीस. बाबा दारातच उभे होते, माझ्या वाटेकडे डोळे लावून. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि दारातून बाजूला होऊन मला आत जायला वाट दिली.